बिब्ब्याखालची तानुबाई

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण यात माझ्या पदरचं एक अक्षरही नाही.

माझं चिखलीत मेडिकल आहे. दिवसभर डॉक्टरांचं अक्षर लावता लावता माणूस एवढा वैतागतो, की भुताखेतांसाठी जीवच उरत नाही. असले अनुभव लिहिणाऱ्यांना मीही हसायचे.

गेल्या महाशिवरात्रीच्या आदल्या दिवसापर्यंत.

जागा उंद्रीच्या पलीकडची. नाल्याकाठची बाग. आंबे, सीताफळं आणि अगदी पाण्याच्या कडेला बिब्ब्याची जुनी झाडं. बाबा एसटीत होते, त्यामुळे आईचा सगळा जन्म भाड्याच्या खोल्यांत गेला. बाबा गेल्यावर तिनं एकच हट्ट धरला... स्वतःच्या नावावर जमीन हवी. सातबाऱ्यावर सोजराबाई असं लिहिलेलं तिला बघायचं होतं. मी एकुलती एक मुलगी. नाही तरी कशी म्हणणार?

बागेचे मालक उत्तमराव. त्यांनी आंबे दाखवले, सीताफळं दाखवली, विहिरीत उतरून पाणी दाखवलं. नाल्याकडे मात्र आले नाहीत. गुडघा दुखतो म्हणाले.

विहिरीच्या पायऱ्या उतरताना तो दुखत नव्हता.

आम्ही दोघीच खाली गेलो. भर दुपार होती. ऊन डोक्यावर, पण झाडांखाली गार... फारच गार. एकही पाखरू बोलत नव्हतं.

आणि आवाज आला.

टक्... टक्...

बिब्ब्याखाली एक म्हातारी बसली होती. दगडावर बिब्बे फोडून आतली गोडंबी काढत होती. आमच्याकडे बाया हे काम करताना हाताला राख चोळतात, कारण बिब्ब्याचं तेल लागलं की अंगावर फोड येतात. हिचे हात कोरडे, स्वच्छ होते. पुढ्यात पळसाच्या पानावर गोडंबीचा ढीग.

टरफल मात्र एकही नाही.

मला ते तेव्हाच खटकलं.

तिनं आपलं नाव तानुबाई सांगितलं. उत्तमरावांच्या आजोबांपासून इथंच कामाला आहे म्हणाली. आईनं पोराबाळांची चौकशी केली.

हातातला दगड थांबला.

"बाग घेऊन राह्यल्या, तं मले ठेवसान न?"

आमच्या भागात शेत विकलं तरी जुनं माणूस तोडत नाहीत. नवा मालक राहा म्हणतो आणि विषय संपतो. आईही तेच म्हणाली. विचार न करता, सवयीनं.

"राह्य न माय. तुले कोण काढते? मी हाय तोवर तू हायेस."

म्हातारी हसली. आम्ही परत निघालो. थोडं पुढे जाऊन मी मागे पाहिलं...

झाडाखाली कोणीच नव्हतं.

नाल्याच्या ओल्या वाळूत आमच्या दोघींच्याच चपलांचे ठसे होते. मी आईला ते दाखवले, तर तिनं मलाच झापलं. गेली असेल म्हातारी पलीकडे, तुला मेलीला सगळ्यातच संशय, म्हणाली.

खरेदीखत झालं. कचेरीबाहेर चहा पिताना उत्तमरावांनी मला बाजूला घेतलं.

"ताई, नाल्यावर तुमच्या आईनं कोणाले शब्द देला काय?"

मी घडलं ते सांगितलं. त्यांच्या कपाळावरची आठी सुटली. हा माणूस आता रडतो की काय, असं मला वाटलं.

"तानुबाईले जाऊन लय वर्षं झाले," ते म्हणाले. "माह्या मायनंबी तिले हेच म्हणलं होतं."

मी पुढचं विचारेपर्यंत त्यांनी गाडीला किक मारली. तेव्हापासून त्यांचा फोन लागत नाही.

आई बागेतल्या खोलीत राहायला गेली. मी उत्तमरावांचं बोलणं तिला सांगितलं, हात जोडले, भांडले, रडले. पण ऐकेल तर ती माझी आई कसली! रोज सकाळी तिच्या ओट्यावर पळसाच्या पानात गोडंबी ठेवलेली असते. कोण ठेवतं, ते तिनं कधी पाहिलं नाही.

बिब्ब्याचा हंगाम केव्हाच संपला. गोडंबी येतेच आहे.

आईला त्याचं काहीच वाटत नाही. उलट, सोबत आहे म्हणते. तिनं गोडंबीचे लाडू करून पाठवले, ते मी फेकून दिले. आईच्या हातचं अन्न फेकलं म्हणून नंतर रडले.

ही बाई आईला घेऊन जाईल, याच भीतीनं माझी झोप उडाली होती. पण आई ठणठणीत आहे. गालही वर आलेत.

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. सीताफळं चांगली उतरली म्हणून खुशीत होती. तिच्या बोलण्यामागे बारीक आवाज येत होता...

टक्... टक्...

"काल तानुबाई दारात आलती," आई म्हणाली. "इचारे, तुमच्या मागं मले कोण ठेवीन?"

तू काय सांगितलंस, असं मी कसंबसं विचारलं.

मागचा आवाज थांबला. जणू तिकडेही कोणीतरी ऐकत होतं...

"काय सांगू? एकुलती एक हायेस तू. तुह्यं नाव सांगतलं."

मी तिला शब्द परत घ्यायला सांगितलं. दिलेला शब्द कोणी परत घेतं का, म्हणाली.

आता रोज देवाजवळ आईसाठी मोठं आयुष्य मागते. पूर्वीही मागायचे. पण आता ते मायेनं मागते की स्वतःच्या भीतीनं, हे माझं मलाच सांगता येत नाही.