कोपऱ्यातली खुर्ची

"मॅडम, यंत्र म्हणतंय तुमच्या नजरेचा डावा कोपरा नुसता पडून आहे," डॉ. तन्वीर काझी गालातल्या गालात हसत म्हणाला.

मिरजेच्या त्या नेत्रप्रयोगशाळेत डॉ. वैजयंती निमकर आज पहिल्यांदाच रोग्याच्या खुर्चीत बसल्या होत्या. डाव्या डोळ्याच्या पडद्यातली शीर तुंबली होती. पण घाबरायचं कशाला? ज्या 'निवडकिरण' लेसरने उपचार व्हायचे, तो त्यांनीच घडवलेला!

"चांगला पडदा जाळायचा कशाला?" शेजारी बसलेल्या सुहासने, त्यांच्या नवऱ्याने विचारलं. तो निवृत्त भूगोल शिक्षक. शंका विचारल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही.

"चांगला कुठला? उपाशी आहे तो," वैजयंती म्हणाल्या. "शीर तुंबली की रक्त फिरत नाही. उपाशी भाग आरडाओरडा करतो, मग नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या उगवतात, त्या गळतात आणि मधली बारीक नजर जाते. थोडा भाग जाळला की खाणारी तोंडं कमी होतात, उरलेल्यांचं भागतं."

"आणि कोणता भाग, हे मॅडमचा मापनचष्मा ठरवतो," तन्वीर म्हणाला. "आठवडाभर घालायचा. डोळ्यांसमोर काय आलं आणि मेंदूने त्याची दखल घेतली का, दोन्ही तो टिपतो. दखलच नसलेला कोपरा जाळायचा."

"मग दाखव की, काय होतं त्या कोपऱ्यात!" वैजयंती म्हणाल्या.

भिंतीवर चित्रं उमटली. जेवणाचं टेबल. अगदी डाव्या कडेला सुहास. वरण वाढणारा सुहास. काहीतरी सांगून स्वतःच हसणारा सुहास. रोज, दोन्ही वेळा. आणि मेंदूच्या लहरींची रेघ सपाट. उजवीकडे टॅब्लेटवर रुग्णांचे अहवाल होते. तिथे रेघ नुसती नाचत होती.

तन्वीरचं हसू मावळलं. वैजयंतींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मापन चुकलंय. पुन्हा घेऊ."

"थांबलो तर मधली नजर जाईल, मॅडम. आणि यंत्र चुकत नाही, हे तुम्हीच शिकवलंत."

"हाच कोपरा जाळा," सुहास शांतपणे म्हणाला. "वैजू, उजवा डोळा आहे की तुझा."

"इतक्या कडेचं त्याला दिसत नाही रे, नाक आडवं येतं," वैजयंती म्हणाल्या. "तू उजवीकडे बसत जा."

"छट! तिथे टॅब्लेट बसतो. मी खुर्ची हलवणार नाही."

निवडकिरणाने आपलं काम चोख केलं. मधली नजर लख्ख वाचली.

घरी बरं वाटायला लागलं तशी वैजयंतींनी जेवताना पुन्हा टॅब्लेट उघडला. डावीकडे कोणीच नव्हतं. तरी पानात वरण आलं आणि कोणीतरी हसलं. त्यांनी मान पुरती वळवली, तसा सुहास थेट नजरेच्या मधोमध आला, पडद्याच्या सगळ्यात तल्लख जागी. भुवईत पांढरा केस, हनुवटीवर वरणाचा थेंब. हा माणूस कधी म्हातारा झाला?

"म्हणून खुर्ची हलवली नाही," तो म्हणाला. "आता मला बघायचं तर सगळं सोडून बघावं लागणार."

"मघाशी काय सांगत होतास?"

"आजचं सांगू, की मागचंही?"

"पहिल्यापासून सांग," त्या म्हणाल्या आणि टॅब्लेट पालथा घातला.