काचेखालचा केस

स्टेशनरीच्या दुकानात ती घड्याळाची तडकलेली काच दाखवून पारदर्शक चिकटपट्टी मागत होती, तेवढ्यात मागून कोणीतरी जवळजवळ ओरडलंच,

"घड्याळाच्या काचेवर चिकटपट्टी? अहो, नका!"

तिने वळून पाहिलं. हातात पेन्सिल, कपाळावर सरकवलेलं भिंग... आणि चेहरा असा, की जणू तिने त्याच्याच गालावर ओरखडा काढला होता.

"घड्याळ माझं आहे," ती म्हणाली.

"कबूल. पण त्याला चावी देऊ नका. काचेचा कण काट्यांत गेला तर बसाल बोंबलत... सॉरी. माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान शेजारीच आहे."

ती नर्स होती. घड्याळ आईचं, आणि आईही नर्सच. लेक नोकरीला लागली त्या सकाळी आईने ते स्वतःच्या मनगटावरून काढून तिच्या हातावर बांधलं होतं. आता खाटेच्या लोखंडी दांड्यावर आपटून काच तडकली होती आणि आतापर्यंत गाठलेल्या प्रत्येक दुकानदाराने 'अशी फुगीर काच येत नाही, नवीन घ्या' म्हणून तिची बोळवण केली होती. सोमवारी तिला दूरच्या इस्पितळात बदलीवर हजर व्हायचं होतं. जाईन तर आईचं घड्याळ घालूनच, असं तिने ठरवून टाकलं होतं. ती हट्टाला पेटली की वॉर्डातले डॉक्टरसुद्धा गुपचूप बाजूला होत.

आपल्या दुकानात नेऊन घड्याळजीने खोके उपसून एक जुनी काच शोधली. थोडी मोठी होती. कड घासून बेताची करावी लागणार होती.

"किती वेळ लागेल?"

"घाई केली तर आज. नीट केली तर शुक्रवारी."

"मग नीटच करा. सोमवारी मात्र बदलीच्या गावी जायचंय मला," ती म्हणाली, आणि ड्यूटी संपली की रोज तिथल्या स्टुलावर येऊन बसू लागली. काम बघायला, असं ती स्वतःला सांगायची. तो काच फिरवत फिरवत घासायचा, फुंकर मारायचा, उजेडात धरायचा... आणि मग उजेडाच्या पलीकडे बसलेल्या तिच्याकडे बघत राहायचा. तिने पाहिलं की लगेच भिंग डोळ्यावर!

"बोलत नाही का तुम्ही?" तिने एकदा विचारलं.

"बोलतो की. गिऱ्हाइकांशी."

"मग मी कोण?"

त्याच्या हातातली काच टुणकन उडून टेबलाखाली गेली. दोघं गुडघ्यांवर बसून ती शोधत होते, तेव्हा दोघांचेही कान लाल झाले होते.

टेबलावर एक पाटी होती. 'काच बसवताना कोणीही वाकू नये.' परवाच त्याने एका आजोबांना त्या पाटीवरून चांगलंच झापलं होतं. पण शुक्रवारी काच बसवायची वेळ आली, तेव्हा ती केस मोकळे सोडून सरळ त्याच्या खांद्यापाशी वाकली. त्याने एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे... आणि काच उचलली. काच टक् करून बसली.

"झालं," तो म्हणाला.

"झालं," तीही म्हणाली. आता उद्या इथे कशाला यायचं, हे काही तिला सुचेना. त्यालाही सुचलेलं दिसत नव्हतं. चिडून ती निघून आली.

शनिवारी सकाळी एका आजींची नाडी मोजताना सेकंदकाटा एकाच जागी थरथरायला लागला. तिने घड्याळ डोळ्यांजवळ नेलं. काचेखाली काट्याला एक लांब, कुरळा केस अडकला होता. केस तिचाच होता! तिला आधी राग आला, मग हसू आलं. ड्यूटी संपताच ती तरातरा दुकानात शिरली.

"ही पाटी शोभेला लावलीये का?"

त्याने भिंगातून पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. "चूक माझी आहे."

"आजोबांना झापता. मला का नाही सांगितलंत मागे सरायला?"

"सांगणार होतो..." तो घड्याळाशीच बोलत होता. "पण मागे सरा, असं म्हणवेना. तुम्हाला."

दुकानातली सगळी घड्याळं एकदम मोठ्याने टिकटिकायला लागली, असं तिला वाटलं. इतकं सोपं होतं तर हा माणूस इतके दिवस काच घासत का बसला होता?

त्याने काच उचलली, चिमट्याने केस काढला, आणि फेकायचा सोडून भिंगाच्या डबीत ठेवला. तिने ते पाहिलं. मग दोन्ही हातांनी केस गोळा करून घट्ट अंबाडा बांधला आणि पुन्हा त्याच्या खांद्यापाशी वाकली.

"केस बांधलेत. मागे मात्र सरणार नाही."

या वेळी काच नीट बसली. सेकंदकाटा झोकात धावू लागला. घड्याळ तिच्या मनगटावर बांधून झालं, तरी त्याने हात सोडला नाही.

"तिकडे... नव्या गावात घड्याळजी असेल ना?"

"आहे. चौकशी केलीये मी."

"अच्छा." त्याचा आवाज अगदीच खाली गेला. "मग बिघडलं तर तिथेच..."

"बिघडलं तर इथेच आणणार."

तो हसला. आणि मग त्यानेच, जरा धीर करून, विचारलं, "आणि नाही बिघडलं तर?"

"तर दर सुट्टीला येईन," ती म्हणाली, "बिघडलं नाही, हे सांगायला."