काढलेलं कुठं ठेवलंत?

मला बोटं मोडायची सवय आहे. सकाळी चहाआधी, वर्गात शिरण्याआधी, स्कूटर उभी केल्यावर. आधी उजव्या हाताची, मग डाव्याची, शेवटी अंगठे. माझी बायको योगिता शाळेत गणित शिकवते. दिवसभर पोरांचा गलका सोसून आल्यावर तिला घरात माझी कडकड नको असते. "मोडा, सगळी मोडा. उद्यापासून घास मी भरवीन," असं म्हणून ती स्वयंपाकघराचं दार लोटून घेते.

मी धारवाडच्या एका नर्सिंग कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, त्यामुळे माझ्याकडे उत्तर तयार असतं. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो आणि त्यात वायू विरघळलेला असतो. सांधा ताणला की आतला दाब उतरतो, वायूची पोकळी तयार होते आणि कट्ट आवाज येतो. वाजलेलं बोट लगेच पुन्हा वाजत नाही. वायू परत विरघळायला वीसेक मिनिटं तरी लागतात. हे सगळं सांगून झालं की वर्गातली एखादी मुलगी विचारतेच, "पण सर, मग बरं का वाटतं?" त्याची दोन-तीन उत्तरं मी देतो. खरं सांगायचं तर त्यातलं एकही मला पटत नाही. एवढ्याशा बुडबुड्यानं माणसाला इतकं मोकळं का वाटावं, हे कोडं मला कधीपासून छळतंय.

आम्ही सप्तापूरला हेमावती अक्कांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. अक्का कानडी, पण आमच्याशी मराठीच बोलतात, आपल्या पद्धतीनं. मागच्या खोल्यांत विद्यापीठातली मुलं राहतात. परीक्षेच्या दिवसांत तीही दृष्ट काढून घ्यायला अक्कांपुढे तोंड करून उभी असतात. आमची सायली सहा वर्षांची. तिला मधूनच ताप चढतो. रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, हुबळीच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. कुठंच काही नाही. ताप आला की ती अर्धे डोळे मिटून पडून राहते आणि माझं सगळं शिक्षण तिच्या उशाशी नुसतं बसून राहतं. त्या तापाची मला फार भीती वाटायची.

अशा वेळी योगिता अक्कांना हाक मारायची. अक्का सायलीच्या तोंडावरून दोन्ही तळवे फिरवायच्या आणि बोटं आपल्या कानशिलांवर उलटी दाबायच्या. अलाबला घ्यायची आपली नेहमीची रीत. माझी आईही घ्यायची. पण अक्कांची बोटं वाजायची ती तव्यावर ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तशी. "किती दृष्ट लागलीय की ओ पोरीला," त्या म्हणायच्या. तासाभरात पोरगी उठून खायला मागायची.

ताप आपला आपण उतरतो, याबद्दल मला शंका नव्हती. मला खटकलं ते वेगळंच. एकदा अक्कांनी सायलीची अलाबला घेतली, लगेच पुन्हा घेतली, लगेच तिसऱ्यांदा घेतली, आणि तिन्ही वेळा सगळी बोटं वाजली. हे होऊ शकत नाही. मी तिथंच बसून माझ्या बोटांवर करून पाहिलं. दुसऱ्या वेळी एकही वाजलं नाही.

"अक्का, तुमची बोटं पुन्हा पुन्हा कशी वाजतात?"

"माझी कुठली ओ सर? ते पोरीचं हाय."

एवढं बोलून त्या खाली गेल्या. मी खिडकीतून पाहत होतो. परसात धुणं धुवायचा काळा दगड आहे. त्यावर दोन्ही तळवे टेकवून त्या बराच वेळ वाकून उभ्या राहिल्या. दर वेळी अशाच उभ्या राहायच्या. जिना उतरून त्यांची कंबर धरत असावी, असं मी समजत होतो.

श्रावणात अक्का लेकीच्या बाळंतपणासाठी अळणावरला गेल्या. त्यानंतरच्याच रविवारी दुपारी सायलीला ताप चढला. योगिता सुभाष रोडला खरेदीला गेली होती. औषध दिलं, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या. "अक्कांना बोलाव ना अप्पा," पोरगी सारखी कण्हत होती. शेवटी तिची समजूत काढायला म्हणून मी तिच्या गालांवरून तळवे फिरवले आणि बोटं माझ्या कानशिलांवर दाबली.

ती बोटं मी नुकतीच मोडली होती. तरी वाजली.

सगळी वाजली. आणि ते सुख कसं सांगू? बोटांतून मनगटात, मनगटातून कोपरात, तिथून मानेत, आत कुठं कुठं आवळून बसलेलं सगळं सुटत गेलं. मी पुन्हा तळवे फिरवले. पुन्हा वाजली. किती वेळा केलं कोण जाणे. सायली गाढ झोपली होती, अंग गार पडलं होतं, आणि मी पलंगाशेजारी बसून वेड्यासारखा हसत होतो. इतकं कुतूहल मला आयुष्यात कशाचं वाटलं नव्हतं.

मग मी रोजच घ्यायला लागलो. सायली शाळेत निघाली की, शाळेतून आली की. थोडी तरी वाजायचीच. कॉलेजात पुंडलिक देसाई म्हणून सहकारी आहेत, त्यांचं अर्धं डोकं कायम दुखतं. चेष्टाचेष्टेत त्यांचीही घेतली. कडाकडा वाजली. "सर, पाटी लावा तुम्ही," ते कपाळ चोळत म्हणाले. डोकं दुखायचं थांबलं होतं. माझी बोटं मात्र आता नुसती मोडून वाजेनात. ती जड झाली होती, सांध्यांत काहीतरी दाटून बसल्यागत. फळ्यावर लिहिताना खडू सुटायचा. दुसऱ्याचं घेतलं की तेवढ्यापुरती मोकळी व्हायची आणि नंतर आणखी जड.

एका सकाळी सायली मजेत होती. गादीवर उड्या मारत होती. मी तळवे फिरवले, बोटं दाबली. एकही वाजलं नाही. म्हणजे लेक ठणठणीत होती.

मला वाईट वाटलं.

दिवसभर मी तिच्या कपाळाला हात लावून बघत राहिलो. "नाहीये हो ताप. किती काळजी कराल?" योगिता म्हणाली. मी काळजी करत नव्हतो. मी वाट बघत होतो. हे लक्षात आलं तेव्हा मला माझीच शिसारी आली, आणि तरी हात पुन्हा कपाळाकडे गेला.

गणपतीच्या तोंडावर अक्का परत आल्या. सकाळी मी परसात गेलो तेव्हा त्या तुळशीला पाणी घालत होत्या. माझ्याकडे बघून त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"कै तोरसरी, सर. हात दाखवा."

मी दाखवले. त्यांनी हात लावला नाही, नुसते पाहिले.

"काढलेलं कुठं ठेवलंत?"

"काय काढलेलं?"

"पोरीचं. काढलं की दगडावर ठेवायचं असतंय. मी ठेवताना तुम्ही खिडकीतनं बघत होता की!"

मला हसता आलं नाही. "मी नाही ठेवलं."

"एक बी दिवस?"

"नाही."

अक्कांनी पदर खोचला. "थांबा. मी घेते. हलू नका," त्या म्हणाल्या आणि हात पुसायला वळल्या.

तेवढ्यात सायली जिना उतरून आली. शाळेचा गणवेश, एकच वेणी घातलेली.

"अप्पा, मी घेते तुझी!"

ती धुण्याच्या दगडावर चढली आणि तिचे मऊ तळवे माझ्या गालांवरून फिरले.

"बेडा! पुट्टी, नको!" अक्का ओरडल्या.

सायलीनं बोटं कानशिलांवर दाबली होती.

वाजली. एवढीशी बोटं, आणि थांबेचनात. माझे हात हलके होत गेले, खांदे उतरले, डोळ्यांतून सुखानं पाणी आलं.

अक्कांनी तिला दगडावरून खाली ओढलं. तिची मनगटं धरली आणि दोन्ही तळवे दगडावर दाबून धरले.

"ठेव, बाई. इथं ठेव."

"नाही," सायली म्हणाली. "मला आवडलं."

मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "अप्पा, तुला बरं वाटलं ना?"

"हो," मी म्हणालो. खरंच वाटलं होतं.

तिची बोटं दगडावर सपाट होती. वरून अक्कांचे हात होते. आवाज चालूच होता. एकेक, सावकाश.

सायली आता अक्कांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

"अक्का, तुमची घेऊ?"

अक्कांनी तिचे हात सोडले नाहीत. मान मात्र मागे घेतली, पोरीचा हात पुरणार नाही इतकी मागे.