नागोराव मामांची तपासणी

यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही. आम्रपालीनं जसं सांगितलं, तसंच लिहितोय.

आम्रपाली रंगारी माझी मावसबहीण. माझ्याच वयाची. उगाच घाबरणारी नाही, आणि गोष्टी रचणारी तर मुळीच नाही.

साल २००१. पावसाळा सरत आलेला. पुण्यात, विश्रांतवाडीच्या पुढे, आळंदी रस्त्याला लागून एक खाजगी लॅब होती. नवी औषधं आधी उंदरांवर तपासणारी. तिचं नाव सांगत नाही.

आणि वेळ?

रात्रीची नाही. भर दुपारची. दीड वाजताची.

आम्रपालीच्या वर्गातले निम्मे जण तेव्हा कॉम्प्युटरचे कोर्स करून सॉफ्टवेअरमध्ये चालले होते. हिनं मात्र झूऑलॉजीत एमएस्सी केली आणि उंदरांचं काम धरलं. सोळा पांढरे उंदीर. सोळाही जणांचं हृदय निकामी होत चाललेलं. आठांना नवं औषध, आठांना नुसतं पाणी. औषधाचा गुण येतोय का, हे उंदराला न मारता बघायचं म्हणजे त्याच्या हृदयाची सोनोग्राफी करायची. दर गुरुवारी.

मशीन एका हॉस्पिटलातून आणलेलं, जुनं, माणसांचंच. त्याला छातीवर टेकवायचा, तान्ह्या बाळांसाठीचा छोटा प्रोब जोडायचा. उंदराला हलकी भूल द्यायची, छातीवरचे केस काढायचे, जेल लावायची. की पडद्यावर बोराएवढं हृदय धडधडायला लागायचं. मिनिटाला साडेतीनशे ठोके. सगळं व्हिडिओ कॅसेटवर उतरायचं.

उंदीर धरून द्यायचे नागोराव मामा. पन्नाशी ओलांडलेले, मूळचे वाशीमकडचे. खडकीला भाड्याच्या खोलीत बायकोबरोबर राहायचे. त्यांच्या हातात उंदीर कधी चावला नाही. दुसऱ्या कुणाला तो धरूच द्यायचा नाही.

सप्टेंबरातल्या एका गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीत, मामा डबा बाजूला ठेवून म्हणाले, "ताई, उंदरायचं इतकं पायता. एकडाव माह्यं बी पाहा न."

"काय होतंय, मामा?"

"काही नाई. जिना चढताना जरा दम लागते."

आम्रपाली हसली. मोठ्यांचा प्रोब जोडला. मामा शर्टाची बटणं काढून आडवे झाले.

पडद्यावर चित्र आलं... आणि तिचं हसू गेलं.

हृदय फुगलेलं. भिंती सैल. ठोका पडतोय, पण रक्त पुढे ढकललं जात नाही. चार महिने आजारी उंदरांची हृदयं बघून तिची नजर तयार झाली होती. सवयीनं तिनं एका ठोक्याला किती रक्त पुढे जातं, त्याचं माप घेतलं. अठ्ठावीस टक्के. निरोगी माणसाचं साठच्या आसपास असतं.

"काय म्हनते?" मामांनी विचारलं.

"थांबा हं. मॅडमना दाखवून येते."

कौशल्या मॅडम लॅबच्या प्रमुख. स्वतः डॉक्टर. आम्रपालीला नोकरी त्यांनीच दिली होती. बुद्धपौर्णिमेला तिच्या घरी येऊन खीर खाल्ली होती. आम्रपाली त्यांना आईच्या जागी मानायची.

मॅडमनी कॅसेट नीट पाहिली. मग म्हणाल्या, "तू कधीपासून कार्डिऑलॉजिस्ट झालीस?"

"पण मॅडम..."

"अगं, घाबरवशील त्याला. तू काही बोलू नकोस. माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत, मी स्वतः घेऊन जाते. सोड माझ्यावर."

तिनं सोडलं.

बाहेर येऊन मामांना म्हणाली, "सगळं ठीक आहे, मामा."

मामांच्या चेहऱ्यावरचा ताण झर्रकन उतरला. त्यांनी बटणं लावली आणि पुढचा उंदीर आणायला गेले.

पुढच्या दोन्ही आठवड्यांत तिनं मॅडमना विचारलं. "बोलले गं मी त्याच्याशी," मॅडम म्हणाल्या. "जाणार आहे तो." तिनं विश्वास ठेवला. मामांना विचारलं नाही. मॅडमवर संशय घेतल्यासारखं झालं असतं ना!

ऑक्टोबरातल्या एका रविवारी सकाळी, नळावर पाणी भरता भरता मामा खाली बसले.

ते उठलेच नाहीत.

अंत्यविधीला मॅडम आल्या होत्या. आम्रपालीनं त्यांना बाजूला घेतलं. "मॅडम, डॉक्टर काय म्हणाले होते?"

"कुठले डॉक्टर?"

"मी कॅसेट दाखवली होती तुम्हाला..."

मॅडमनी तिच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं पाहिलं. "तू मला काहीही दाखवलेलं नाहीस, आम्रपाली. आणि लॅबच्या मशीनवर माणसं तपासायची परवानगी तुला कोणी दिली होती?"



सोमवारी तिनं ती कॅसेट लावून पाहिली. त्या गुरुवारच्या जागी उंदीर होते. एकामागून एक, नुसते उंदीर. कुणीतरी वरून रेकॉर्ड केलं होतं.

प्रयोग संपायला अजून पाच आठवडे होते आणि उंदीर मामांशिवाय कुणाला धरू देत नव्हते. मामा दवाखान्यात गेले असते तर प्रयोग अडला असता. मॅडम गप्प का बसल्या, ते तिला तेव्हा कळलं.

पुढचा गुरुवार.

आम्रपाली एकटीच होती. चावे सोसत आठ उंदीर झाले. नववा टेबलावर घेतला. हृदय दिसलं. तीनशे चाळीस ठोके. सगळं नेहमीसारखं.

शेजारच्या खोलीत पिंजऱ्यांतली खुडबुड चालू होती... ती अचानक थांबली.

एकाही उंदराचं नख वाजेना.

तिनं घड्याळ पाहिलं. दीड.

पडद्यावरचा आकडा उतरायला लागला. तीनशे... दोनशे... नव्वद...

बासष्ट.

तिला वाटलं, भूल जास्त झाली, उंदीर गेला. तिनं खाली पाहिलं. उंदराचा श्वास नीट चालू होता.

आणि पडद्यावर...

माणसाचं हृदय.

फुगलेलं. सैल भिंतींचं. बाळांच्या त्या प्रोबला जेमतेम तीन-चार सेंटिमीटर खोलवरचं दिसायचं, आणि तळहातावर मावणाऱ्या उंदराच्या छातीत मुठीपेक्षा मोठं हृदय हळूहळू हलत होतं. तिनं ते एकदा पाहिलं होतं. ती कशी विसरेल?

तिनं मशीनच्या स्पीकरचा आवाज बंद केला. तरी येतच राहिला.

शूं... टप.

शूं... टप.

पाच मिनिटांनी सगळं पूर्ववत झालं. पिंजरे पुन्हा खुडबुडायला लागले.

तिनं स्वतःची समजूत घातली. शोक आहे, झोप नाही, भास होतात. पण पुढच्या गुरुवारी, दीड वाजता, पुन्हा तेच. या वेळी तिचा हात आपोआप बटणांवर गेला आणि तिनं माप घेतलं.

बावीस टक्के.

त्याच्या पुढच्या गुरुवारी सतरा.

इथे आल्यावर ती मला म्हणाली, "अरे, माणूस जाऊन तीन आठवडे होत आले होते... आणि त्याचा आजार वाढत होता."

त्या तिसऱ्या गुरुवारी ती धावत जाऊन मॅडमना घेऊन आली होती. मॅडम तिच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. पडद्यावर ते थकलेलं हृदय एकेक ठोका ओढत होतं.

"दिसतंय ना, मॅडम?"



तिनं मागे वळून पाहिलं. मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला होता. पडद्यावरची नजर न काढता त्या एकेक पाऊल मागे सरकत होत्या.

"मला तर उंदराचंच दिसतंय," मॅडम म्हणाल्या.

आणि निघून गेल्या.

त्या दुपारी आम्रपालीला पडद्याची भीती वाटली नाही, त्या वाक्याची वाटली.

चौथा गुरुवार. दीड वाजला. पिंजरे गप्प झाले. हृदय आलं... अकरा टक्के.

ती पडद्याकडे बघत मोठ्यानं बोलली. "मामा, मी खोटं बोलले तुमच्याशी. तुमचं हृदय बरं नाही. पहिल्या दिवसापासून नव्हतं. मला दिसलं होतं. मी सांगितलं नाही."

शूं...

पुढचा टप आलाच नाही.

पडद्यावरचं हृदय तसंच थांबून राहिलं. ती म्हणते, ते ऐकत होतं.

मग एकदम साडेतीनशे ठोके. उंदराचं चिमुकलं हृदय.

तिनं मशीन बंद केलं, राजीनामा मॅडमच्या टेबलावर ठेवला आणि तशीच खडकीला सुंदराबाईंकडे गेली. मामांच्या बायकोकडे. दारातच तिनं सगळं सांगून टाकलं. पडद्यावरचं सोडून.

सुंदराबाईंनी तिला आत बसवलं.

मग म्हणाल्या, "मी रोज म्हनत होती, दवाखान्यात चला. ते म्हनत, ताईनं मशीनवर पाह्यलं, ठीक हाय म्हने. काहाले पैसे घालवू? मॅडम म्हना तं त्यायनं कोन्या डाक्टरकडं नेलं बी नाई. लई भरोसा होता तुमच्यावर."

आम्रपालीला वर बघवेना.

"अजून घरातच हायेत ते," सुंदराबाई अगदी सहज म्हणाल्या. "खोकला ऐकू येते. रातभर, दिवसभर. फक्त गुरुवारी दुपारच्याला घर सुनं होते. कुठं जातात, काय मालूम."



"आज बी गेले होते," सुंदराबाई म्हणाल्या. "पन आज लवकर परतले. कोपऱ्यात बसले वाटते..."

त्यांनी खोलीच्या रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं.

"ताई, तीस वर्सं संसार केला. आज पयल्यांदा त्यायले रडताना ऐकलं."

आम्रपाली आता मगरपट्ट्यात एका कंपनीत काम करते. दिवसभर कॉम्प्युटर, उंदीर नाहीत. खरं सांगितलं ते बरं केलं की वाईट, हे तिला अजून ठरवता येत नाही.

ते रडणं पुढे थांबलं का, हे विचारायला ती परत कधी खडकीला गेली नाही.