चुन्यावरची पिवळी फुलं

"माझे वडील कुठे गेले, एवढंच सांगा," युस्तिना म्हणाली. "सत्तेचाळीस वर्षं झाली."

मेलानिया दुद्रा जमीनमोजणीच्या नोकरीतून निवृत्त झालेली. बेस्किदच्या डोंगरात बुजलेली घरं, विहिरी, कबरी शोधून द्यायला लोक तिच्याकडे येत. तिनं विचारलं, "घर कुठं होतं?"

युस्तिनाला समोर नुसतं कुरण दिसत होतं. युद्धानंतर सरकारनं गाव उठवून सगळ्यांना दूर उत्तरेला नेलं तेव्हा ती अकरा वर्षांची होती. त्याच्या आदल्या शरदात तिचे वडील दिमित्र नाहीसे झाले. खिंडीपलीकडे दुसऱ्या बाईकडे गेले, असं लोक म्हणाले. आई मात्र मरेपर्यंत दर नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्यांचं ताट मांडत राहिली.

मेलानिया चालू लागली. "इथं सगळा रानचुका. म्हणजे माती आंबट. आणि हे खाजरं रान बघा, कमरेएवढं. त्याला शेणामुताची माती लागते. हा तुमचा गोठा."

युस्तिनानं त्या पानांत हात घातला. आग झाली तरी तिनं तो काढला नाही.

"विहीर गोठ्याच्या खाली होती," ती हळूच म्हणाली.

खाली लव्हाळ्याचं हिरवं कडं होतं. आत दगडगोट्यांचा उंचवटा आणि त्यावर लोकरीसारखी पिवळी फुलं. मेलानियानं एक खुडलं. "यांना आंबट माती सोसत नाही. मग इथं कशी?"

गावात परतून राहिलेले म्हातारे दोघंच. मेंढपाळ सेमान म्हणाला, "तुझा बाप गेला त्याच आठवड्यात विहीर ढासळली, पोरी. तुझी आई नदीवरून पाणी आणायची. दिमित्रला जाताना मी नाही पाहिलं बाबा. हाव्रिलोनं पाहिलं."

हाव्रिलोचं घर नदीपलीकडे होतं, खिडकी नेमकी कुरणाकडे. त्यानं दोघींना ताक दिलं.

"माझ्या चुनाभट्टीवरून पाहिलं मी. खांद्याला पिशवी, खिंडीकडे निघाला होता."

"दुसरी भट्टी होती जवळपास?" मेलानियानं विचारलं.

"छे. दोन दिवसांच्या वाटेवरसुद्धा नाही."

"गावातले लोक चुना घ्यायचे?"

"लाकडाची घरं, मातीनं लिंपलेली. त्यांना कशाला चुना? सगळा माल शहरात जायचा. नदीच्या त्या काठाला चिमूटभर गेला नाही."

मेलानियानं पिवळं फूल टेबलावर ठेवलं.

"फुलाचं काय?" युस्तिनाला कळेना.

"लव्हाळा खालचं पाणी दाखवतो, तेव्हा विहीर तिथंच. विहीर नुसती ढासळली असती तर वर इथलीच आंबट माती असती, रानचुका उगवला असता. ही फुलं चुन्यावर येतात. विहिरीत गाडीभर चुना आहे, हाव्रिलोकाका. दिमित्र गेले त्याच आठवड्यात पडलेला. चुना एकट्या तुमच्याकडे होता आणि तो तिकडं गेलाच नाही, असं तुम्हीच सांगताय. विहिरीत झाकण्यासारखं काय होतं?"

हाव्रिलोनं ते फूल बोटानं बाजूला सारलं.

"दिमित्र विहीर उपसायला वाकला होता," तो म्हणाला. "मी ढकललं. तुझ्या आईसाठी, युस्तिना. वसंतात मी तिला लग्नाचं विचारलं. ती म्हणाली, माझा नवरा जिवंत आहे, तुम्हीच तर त्याला जाताना पाहिलंत."

"मग खरं का नाही सांगितलं तिला?"

"सांगितलं असतं तर तिनं माझ्याकडे पुन्हा पाहिलं असतं का?"

"तुमच्या त्या एका वाक्यावर तिनं तीस वर्षं वाट पाहिली," युस्तिना म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. रागाला जागाच उरली नव्हती. वडील तिला टाकून गेले नव्हते.

पोलिसांनी विहीर खणली. हाडं मिळाली तेव्हा युस्तिना काठावर बसून होती.

आईची कबर उत्तरेला, रेल्वेनं एका दिवसाच्या अंतरावर. वडिलांच्या हाडांची लहानशी पेटी मांडीवर घेऊन युस्तिना खिडकीशी बसली. मग डोंगरातल्या आपल्या बोलीत, डब्यात कुणालाच न कळणाऱ्या, ती वडिलांना आईबद्दल सांगू लागली. पहिल्या हिवाळ्यापासून, काही न वगळता.