टाकीच्या आतले ठोके

आसगावच्या गोपीचंदचा हात चाळीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगवर बसलेला. त्यामुळे कोंढ्याहून मनिषचा फोन आला तेव्हा काम त्याला किरकोळच वाटलं. मनिषचे वडील भोजराज यांनी ज्यात चिखल्याच्या खाणीतलं मँगनीज वाहिलं तो लांब नाकाचा जुना ट्रक, ते वारल्यापासून चार वर्षं अंगणात उभा होता. यंदा धान वाहायला मनिषला तो काढायचा होता. इंजिन दुरुस्त झालं होतं. फक्त डिझेलचा काटा ऐकत नव्हता.

"टाकी मी कालच धुऊन, वाळवून बसवली, काका. आत थेंब नाही. अन् काटा पाहा, फुल दाखवून राहिला."

भर दुपार होती. अंगणात धानाच्या तणसाचा आणि जुन्या डिझेलचा वास कोंडला होता. गोपीचंदनं टाकीवरच्या, तेलाची पातळी सांगणाऱ्या फ्लोटची वायर काढली. काटा शून्यावर पडला. वायर लोखंडाला टेकवली. काटा फुलवर चढला. म्हणजे मीटर चांगला, वायरही चांगली. मग पाच स्क्रू काढून त्यानं फ्लोटच बाहेर घेतला आणि तारा जोडून हातानं खालीवर केला. काटा मुकाट त्याच्या बोटांमागे फिरला. दोष कशातच नव्हता.

फ्लोट पुन्हा आत सोडून झाकण बसवताना फ्लोटच्या दांड्याला खालून हलका रेटा लागला. कोणीतरी तळहातावर झेलावा तसा.

काटा फुलवर.

गोपीचंदनं झाकण पुन्हा उचललं. टॉर्च मारून पाहिलं तर आत कोरडा पत्रा. शेवटी जुन्या ड्रायव्हरांसारखा त्यानं एक हात टाकीला टेकवला आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी ठोकून पाहिलं. पोकळ आवाज आला.

मग आतून ठोके आले. सावकाश, सारख्या अंतरानं, बरोबर त्याच्या तळहाताखाली. सतरापर्यंत त्यानं मोजले. पुढे मोजायचं भान राहिलं नाही. हात काढायचा हेही त्याला सुचेना. ठोके थांबले तेव्हा सदरा घामानं पाठीला चिकटला होता.

"उंदीर असन," मनिष म्हणाला. पण त्याचा आवाज खाली आला होता. त्यानं स्वतः हात टेकवून ठोकलं.

दोन ठोके. मग काहीच नाही.

ओसरीवर धान पाखडणारी कुंताबाई, मनिषची आई, सूप तसंच धरून उभी राहिली होती.

"त्यायची सवय होती ते," नवऱ्याच्या ट्रककडे पाहत ती हळूच म्हणाली. "टाकीवर ठोकत, कान देत... अन् सांगत, इतक्या दिवसाचं तेल हाये. कधी चुकले नाही." मग तिनं गोपीचंदकडे पाहिलं. "तुमचे किती वाजले, भाऊजी?"

"लई. मोजता नाही आले, वहिनी."

"माझे दोनच, आई," मनिष म्हणाला.

कुंताबाईनं सूप टाकलं. धान अंगणभर सांडलं. धावत येऊन तिनं मनिषचा हात पत्र्यावरून ओढून काढला आणि आपल्या पोटाशी घट्ट धरून ठेवला, लहान लेकराचा धरावा तसा. गोपीचंदला त्यांच्याकडे पाहवेना. हत्यारं तिथंच सोडून तो मोटरसायकलकडे निघाला.

दोन दिवस त्यानं दुकान उघडलं नाही. फोन समोर ठेवून बसला. दोन ठोके म्हणजे दोन दिवस; तो वाजू नये, एवढंच मनात. वाजला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानंच लावला. कुंताबाईनं उचलला.

"मनिष कसा हाये, वहिनी?"

"इथंच हाये. जेवून राहिला."

गोपीचंदनं डोळे मिटले. छातीवरचं ओझं उतरलं. "बरं झालं. म्या उगाच..."

"सकाळपासून जेवूनच राहिला, भाऊजी."

तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. तोंडावर पदर धरून बोलावं तसा.

"चारदा भात शिजवला म्या. गरम खाते, कच्चा तांदूळ देला तर तोही खाते. बोलत नाही. पोटावर हात ठेवला त्याच्या... थंड हाये, भाऊजी. अन् आत काहीच नाही, रिकाम्या टाकीवानी."

तिच्या मागे ताट फरशीवरून पुढे सरकल्याचा आवाज आला.

"ठेवते," ती म्हणाली. "मांगून राहिला."