नाकसाहेबांचा अंगठा

साबणाच्या कारखान्यात त्यांना सगळे नाकसाहेब म्हणत. त्यांनी हुंगून होकार दिल्याशिवाय एकाही वडीवर शिक्का उमटत नसे. दोन वासांच्या मध्ये ते स्वतःची बाही हुंगत. आपला वास आपल्याला येत नाही, त्यामुळे नाक कोरं होतं, ही या कामातली जुनी रीत.

गेल्या महिन्यातल्या तापात मात्र ते नाकच गेलं. ताप उतरला, वास परतला नाही.

"माझे डोळे गेले, म्हणून मी काय मेले?" आई म्हणाली. घरात ही दोघंच.

पण जन्मभर नाकावर जगलेल्या माणसाने नाकाशिवाय करायचं काय? कारखान्यात त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. वडी नाकाशी धरायची, मान डोलवायची.

एका सकाळी त्यांचा अंगठा दाराच्या कडीवर टेकला आणि नाकात लिंबाच्या सालीचा वास भरला. अंगठा उचलला, वास गेला. पाण्याच्या ग्लासाला ओल्या लोकरीचा वास होता, खुर्चीच्या हाताला करपलेल्या दुधाचा. साबणाला मात्र साबणाचाच. त्यांनी वडीवरून अंगठा फिरवला आणि आनंदाने चक्क रडले.

तोवर मॅनेजरबाईंना कुणकुण लागली होती. त्यांनी टेबलावर पाच कोऱ्या वड्या मांडल्या. "ओळखा बघू."

नाकसाहेबांनी पाचही ओळखल्या. "शेवटच्यात गुलाब जरा कमी पडलाय," हेही सांगितलं.

"माफ करा हं, उगाच शंका घेतली," बाई ओशाळून म्हणाल्या.

नाकसाहेबांचा जीव भांड्यात पडला. सवयीने त्यांनी अंगठा स्वतःच्या बाहीवरून फिरवला.

तंबाखू. डांबरगोळ्या. कुठल्याशा अनोळखी तेलाचा उग्र दर्प.

तंबाखूला त्यांनी आयुष्यात हात लावला नव्हता. त्यांनी हात धुतले, मनगटावर अंगठा टेकवला. तेच.

संध्याकाळी आईने दार उघडलं. रोजच्यासारखी बाही चाचपली, नाकाशी नेली. मग हलकेच सोडून दिली.

"या ना, बसा," ती अदबीने म्हणाली. "तो आत्ताच आलाय कामावरून. हातपाय धुतोय."

"आई, अगं मीच."

ती पाहुण्याकडे बघून हसावं तशी हसली.

आत नळ वाहत होता. तो बंद झाला.